अण्णांची औषधं, सव्वातीन किलो. टाकायची कुठे?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे पण कुणाला विचारावं कळेना म्हणून इथे लिहितेय. माझे वडील मागच्या महिन्यात गेले. दीड वर्ष आजारपण, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, त्यात जुना डायबेटिस आणि दमा. तेरावं झालं, पाहुणे गेले आणि परवा मी आणि आई त्यांचं कपाट आवरायला बसलो. कपडे मार्गी लागले, चष्मा आईने ठेवून घेतला, पण औषधं बघून दोघीही गप्प बसलो. सोनपापडीचे दोन डबे, एक बुटाचा खोका आणि फ्रिजच्या दारातला अख्खा कप्पा. सहज काट्यावर ठेवलं तर सव्वातीन किलो.

काय काय आहे सांगते. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या (यातल्या बऱ्याच अजून चांगल्या आहेत, तारीख पुढच्या वर्षाची), कॅपेसिटॅबिनच्या दोन पूर्ण पट्ट्या आणि एक अर्धी, मॉर्फिनच्या (दहा मिलिग्रॅमच्या) तेवीस गोळ्या, फेंटानिलचे चार पॅच (दोन्ही कॅन्सरच्या वेदनेवरचे), इन्सुलिनची दोन पेनं आणि सुयांचं जवळजवळ भरलेलं पाकीट, वापरलेल्या सुया वेगळ्या एका बरणीत, दम्याचे तीन पंप, जुलाबाच्या आणि खोकल्याच्या अर्ध्या बाटल्या, आणि कुठल्या कुठल्या इन्फेक्शनच्या वेळी आणलेल्या अँटिबायोटिक्सच्या तीन-तीन चार-चार गोळ्या उरलेल्या पट्ट्या. अण्णा शाळामास्तर, त्यामुळे प्रत्येक पट्टीवर बॉलपेनने बारीक अक्षरात "स. जे. आधी", "रा. झो." असं लिहिलेलं.

आता सल्ले ऐका. मावशी म्हणाली निर्माल्याबरोबर नदीत सोडून दे, वाहत्या पाण्याला कसला दोष. मेहुणे म्हणाले बंबात घाला, पाणी पण तापेल. शेजारच्या काकू म्हणाल्या कमोडमध्ये फ्लश कर. ज्या मेडिकलमधून दीड वर्ष हजारोंची औषधं आणली त्याने हात जोडले, "ताई, विकलेली परत घेता येत नाहीत." घंटागाडीवरचा भाऊ म्हणाला काळ्या पिशवीत गुंडाळून द्या, मी बघितलंच नाही समजतो.

त्याने बघितलंच नाही म्हणजे कुणीतरी पुढे बघणारच ना? आमच्या इथला कचरा डेपो नाल्याच्या काठाला आहे, तिथे गाई चरतात आणि मुलं भंगार वेचतात. प्लीज कुणाला खरंच माहीत असेल तर सांगा.

बिनधास्त_बंड्या

ताई आधी वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण इतका विचार कशाला, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. सगळं जग तेच करतं. नदीत कारखाने काय काय सोडतात ते बघा आणि आपण चार गोळ्यांची चिंता करतोय.

गोळीवाला

ताई, मी केमिस्ट आहे, बावीस वर्षं दुकान चालवतोय, नाशिककडे. तुमच्या मेडिकलवाल्याची बाजू आधी सांगतो मग तुमच्या डब्याकडे येतो.

आमच्याकडे जो माल एक्सपायर होतो तो आम्ही स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) परत देतो, तिथून तो कंपनीकडे जातो आणि नष्ट होतो. पण तो दुकानात पडून राहिलेला माल, बिलाशी आणि बॅच नंबरशी जुळणारा. तुमच्या घरून आलेली कापलेली पट्टी कुठल्या बिलात बसवू? आणि ती परत विकणं तर सोडाच, ती तुमच्याकडे उन्हात होती की फ्रिजमध्ये होती मला माहीत नाही. त्यामुळे हात जोडतो तो माणूस वाईट नसतो, त्याच्या मागे ते घ्यायला कुणी उभं नसतं हे खरं दुखणं आहे.

आता डबा. सगळ्याला एक नियम लावू नका.

पहिलं मॉर्फिन आणि फेंटानिल. हे घरात एक दिवस जास्त ठेवू नका, खरंच सांगतोय. जिथल्या पॅलिएटिव्ह केअरमधून (वेदना कमी करणाऱ्या सेंटरमधून) मॉर्फिन मिळालं तिथेच विचारा, बरीच सेंटरं उरलेलं परत घेतात कारण त्यांना गोळी-गोळीचा हिशेब ठेवावा लागतो. नाहीच घेतलं तर, आणि इथे बऱ्याच जणांना धक्का बसेल, तुमच्या काकूंचा सल्ला बरोबर आहे. सीडीएससीओने, म्हणजे केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेने, २०२५ मध्ये जी मार्गदर्शिका काढली त्यात १७ औषधांची यादी आहे जी घरात पडू देण्यापेक्षा फ्लश करा असं म्हटलंय. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रमाडॉल, टॅपेंटाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, डायझेपाम वगैरे. कारण साधं आहे, यातली एक गोळी किंवा एक पॅच लहान मुलाच्या हाती लागला तर दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ नसतो. पॅच तर तीन दिवस लावून काढलेला असला तरी त्यात बरंच औषध शिल्लक असतं. काढलेला किंवा न वापरलेला, चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडायचा. नाहीतर काय होतं, पॅच जमिनीवर पडतो, रांगणारं पोर उचलून चिकटवून घेतं, की तोंडात घालतं.

ही १७ सोडून बाकी काहीही फ्लश करायचं नाही. नियम तो, अपवाद हा. लोक उलटं समजतात.

दुसरं कॅपेसिटॅबिन. ती केमोची गोळी आहे, हातमोज्याशिवाय सुट्टी हाताळू नका, कापू नका, कुटू नका, पाण्यात विरघळवू नका. पट्ट्या आहेत तशा जाड पिशवीत घालून ज्या हॉस्पिटलमध्ये ट्रीटमेंट झाली तिथल्या फार्मसीत किंवा ऑन्को (कॅन्सरच्या) डे-केअरला द्या. हॉस्पिटलला बायोमेडिकल वेस्टची गाडी येते, त्यांचा पिवळा डबा असतो, आणि केमोच्या औषधांसाठी नियमात १२०० डिग्रीच्या वर जाळायचं असं आहे. तुमच्या मेहुण्यांचा बंब कुठे आणि ते कुठे!

बंबाचं निघालंच म्हणून. गोळ्यांची पट्टी म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी आणि अॅल्युमिनियमची पत्री. ती मंद आगीत जाळली की जो धूर निघतो तो सगळ्यात आधी बंबापाशी आंघोळीचं पाणी काढणाऱ्याच्या नाकात जातो. आणि दम्याचा पंप चुकून सुद्धा त्यात टाकू नका. तो रिकामा वाटला तरी आत प्रेशर असतं, डबी फुटते, तुकडे उडतात. भोकही पाडायचं नाही.

तिसरं, बाकीच्या गोळ्या आणि सिरप. जिथे गोळा करायची सोय नाही तिथे त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे गोळ्या पट्टीतून काढायच्या (कुटायच्या नाहीत, भुकटी उडते), जुन्या प्लास्टिकच्या बरणीत घालायच्या, वरून चहाचा चोथा, राख, माती, जे काय घाण वाटेल ते, सिरपही त्यातच ओतायचं म्हणजे मुरतं, झाकण चिकटपट्टीने बंद करायचं आणि मग घंटागाडी. किळस आली पाहिजे हाच उद्देश आहे, म्हणजे कुणी उघडून खाणार नाही. हा आदर्श उपाय नाही हे मलाही कळतं. बाटल्यांची लेबलं खरवडा आणि रिकाम्या पट्ट्या आडव्या-उभ्या कापा, म्हणजे भंगारातून परत कुठे पॅक व्हायला नकोत.

सह्याद्रीची_घार

गोळीवाला काका, सगळं पटलं पण फ्लश हा शब्दच नको वाटतो. या डायक्लोफिनॅक नावाच्या पेनकिलरपायीच आपली गिधाडं संपली ना, पाण्यात जाऊन जाऊन. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलावर शंभर-शंभर उतरायची.

पाणकावळा

घार, तुमचं दुःख खरं पण कारण थोडं वेगळं आहे, आणि हे वेगळं करून सांगणं गरजेचं आहे नाहीतर आपण चुकीच्या दारावर धडका मारत बसतो. गिधाडांच्या पोटात डायक्लोफिनॅक पाण्यातून नाही गेलं, जनावरांच्या मांसातून गेलं. म्हातारा लंगडणारा बैल, त्याला वेदनाशामक इंजेक्शन, बैल दोन दिवसांत मेला, गावाबाहेर ओढून टाकला, गिधाडं बसली. त्यांच्या किडन्या बंद पडतात, शरीरात युरिक अॅसिड पांढऱ्या खडूसारखं साठतं आणि मान खाली टाकून बसलेला पक्षी झाडावरून पडतो. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, पण लोक माणसांच्या मोठ्या वायल (इंजेक्शनच्या बाटल्या) जनावरांना वापरायला लागले म्हणून २०१५ मध्ये वायल ३ मिलीची केली. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद केली. गावाकडे कुणाची गुरं असतील तर डॉक्टरला मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना चालतं.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे आणि तीही काही कमी नाही. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये होतो म्हणून या विषयाची खोड आहे. कॅनडात ओंटारिओमध्ये संशोधनासाठीच राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० नंबरच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं, एका लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम इतकंच. नर माशांच्या अंगात मादीचं अंड्याचं प्रोटीन तयार व्हायला लागलं आणि तिथला मिनो नावाचा बारका मासा जवळजवळ संपला. सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मासे परत आले हे नशीब. आता घरगुती हिशेब करा. एका गोळीत साधारण ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असतं. म्हणजे एक गोळी सहा हजार लिटर पाण्याला त्या पातळीवर नेते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो टँकर साधारण तेवढाच. टँकरला एक गोळी!

स्वीडनमध्ये २०१३ च्या एका प्रयोगात ऑक्झाझेपाम, म्हणजे घाबरटपणावर देतात ते औषध, पाण्यात घातलं तर पर्च नावाचे मासे धीट झाले, कळप सोडून एकेकटे फिरायला लागले आणि भराभर खायला लागले. ऐकायला मजा वाटते, पण कळप सोडून हिंडणारा मासा मोठ्या माशाच्या तोंडात जातो.

आपल्याकडचे सांडपाण्याचे प्लांट मैला, साबण, जेवणाचं उष्टं यासाठी बांधलेत. बरीच औषधं त्यातून जशीच्या तशी बाहेर पडतात. आणि बऱ्याच गावांत प्लांटच नाही, नाला थेट नदीत.

बिनधास्त_बंड्या

मग मी तेच म्हणतोय ना, कारखाने सोडतात ते काय! हैदराबादचं वाचलंय मी.

पाणकावळा

बंड्या, हैदराबादचं खरं आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरूला जवळपास नव्वद औषध कंपन्यांचं पाणी जिथे यायचं त्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ च्या पेपरात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. सिप्रो खाणाऱ्या माणसाच्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी वर. आणि अजून एक कबुली देतो, नदीत घराघरांतून जे औषध येतं त्यातलं जास्त आपल्या लघवीतूनच येतं, फेकलेल्या गोळ्यांतून कमी. पण लघवी तुम्ही थांबवू शकत नाही, कमोडमधली पट्टी थांबवू शकता. कृष्णाकाठच्या ताईंनी चार पॅच आणि तेवीस गोळ्या फ्लश केल्या तर मला काही वाटणार नाही. अँटिबायोटिकची अर्धी पट्टी फ्लश केली तर वाटेल.

लाल_ठिपका

मी पुण्यात कचरावेचकांच्या बरोबर काम करते, त्यामुळे माझा मुद्दा सगळ्यांत शेवटी येतो, नेहमीसारखाच :)

नदीच्या आधी एक बाई असते. तुमची पिशवी घंटागाडीत जाते, तिथून कचरा निवडायच्या शेडवर, तिथे ती हाताने उघडली जाते. हातमोजे दिलेले असतात पण उन्हाळ्यात ते घालून वेगाने काम होत नाही, आणि पैसे वेगावर मिळतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका ताईंच्या अंगठ्यात इन्सुलिनची सुई गेली. इतकी बारीक की टोचल्यावर मुंगी चावली असं वाटलं त्यांना, चिंधी बांधली आणि काम पूर्ण केलं. संध्याकाळी घरी गेल्यावर सुनेने ओरडून दवाखान्यात नेलं. मग तपासण्या, एचआयव्ही, कावीळ, औषधं, पुन्हा तीन महिन्यांनी तपासणी, त्या काळात नवऱ्याशी भांडण की तुला हे झालंच कसं. सुई कुणाची ते कधीच कळणार नाही. ज्याने टाकली तोसुद्धा चांगला माणूसच असेल, त्याला फक्त घर स्वच्छ करायचं होतं.

म्हणून ताई, तुमच्या त्या बरणीतल्या सुया. बरणी काचेची असेल तर नको, फुटते. कम्फर्टची, हार्पिकची, फिनेलची, अशी जाड प्लास्टिकची बाटली घ्या, सुया त्यात टाका, झाकण घट्ट, वर चिकटपट्टी, आणि मोठ्या अक्षरात "सुया" लिहा. नुसतं पिशवीवर लाल ठिपका काढला तरी आमच्या बायकांना कळतं, पॅड आणि डायपरसाठी आम्ही तीच सवय लावलीय. झाकण परत सुईवर लावायचा प्रयत्न करू नका, बऱ्याच जणांना तेव्हाच टोचतं.

आणि कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांत एक्सपायर झालेली औषधं, वापरलेल्या सुया, पारा असलेले थर्मामीटर हे सगळं "घरगुती घातक कचरा" या नावाखाली स्पष्ट लिहिलं होतं, आणि तो गोळा करायला दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र हवं असंही लिहिलं होतं (ते नियम एप्रिल २०२६ पर्यंत लागू होते). आपापल्या वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा ते केंद्र कुठे आहे. मी तीन शहरांत विचारलंय, एका ठिकाणी मला चहा पाजला.

एडिसनची_वहिनी

हाय, मी न्यू जर्सीत. इथे काय करतात ते सांगते, तुलना म्हणून, फुशारकी म्हणून नाही. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी टेक बॅक डे (उरलेली औषधं परत घ्यायचा दिवस) असतो, २०१० पासून चालू आहे. बाकी दिवशी पण पोलीस स्टेशनच्या लॉबीत टपालपेटीसारखी मोठी लोखंडी पेटी असते, तिच्यात नाव खोडून औषधं टाकायची, कुणी विचारत नाही. सुया आणि पातळ औषधं मात्र त्यात चालत नाहीत. आमच्या सासूबाई येताना सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून आणतात, जाताना अर्ध्या इथेच ठेवून जातात आणि मग मी त्या पोलिसांच्या पेटीत टाकते. पहिल्यांदा सासूबाईंना सांगितलं पोलीस स्टेशनला जाऊन येऊ तर त्यांनी आधी देवाजवळ साखर ठेवली.

पण इथे ही सोय झाली ती माशांच्या प्रेमातून नाही हां. बाथरूमच्या कपाटातल्या पेनकिलर घरातलीच मुलं चोरून खायला लागली, माणसं मरायला लागली, तेव्हा झाली. आणि इथलं एफडीए (सरकारी औषध खातं) सुद्धा हेच सांगतं जे गोळीवाला काकांनी सांगितलं, पेटी जवळ नसेल तर कॉफीचा चोथा किंवा मांजराची वाळू, त्यात मिसळा, पिशवी बंद, कचऱ्यात. फक्त चहाच्या जागी कॉफी.

भारतात केरळने चालू केलंय ना? कोझिकोडला २०२५ मध्ये निळ्या पेट्या ठेवल्या आणि घरोघरी जाऊनही गोळा करतात असं माझ्या मल्याळी मैत्रिणीने सांगितलं. आपल्याकडे का नाही होत?

मुलुंडचा_मुकादम

होतंय वहिनी, थोडं थोडं. मुंबईत महापालिकेने मे २०२५ पासून सॅनिटरी आणि स्पेशल केअर कचरा वेगळा गोळा करायची सेवा चालू केलीय, त्यात पॅड, डायपर, बँडेज यांच्याबरोबर एक्सपायर झालेली औषधं पण घेतात. सोसायटीने नाव नोंदवावं लागतं. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीने नोंदवायला तीन मीटिंगा घेतल्या, एका काकांचं म्हणणं होतं की पॅड आणि बीपीची गोळी एकाच पिशवीत कशी. पण आता चालू आहे. माझ्या बायकोने पहिल्याच आठवड्यात २०१४ चं आयोडेक्स काढून दिलं. मी अजून हळहळतोय, चांगलं होतं.

वाडीचा_भाऊ

एक शंका. ताईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पुढच्या वर्षापर्यंत चालणाऱ्या आहेत म्हणता. मग फेकायच्या कशाला? आमच्या वाडीत अशी माणसं आहेत ज्यांना महिन्याची गोळी परवडत नाही, एक दिवसाआड खातात. मी मुंबईहून येताना नातेवाइकांकडची उरलेली औषधं गोळा करून आणतो आणि वाटतो. त्यात वाईट काय?

गोळीवाला

भाऊ, तुमची भावना चांगली आहे म्हणून रागावू नका. वाटता कसे ते महत्त्वाचं. तुम्ही "ही बीपीची गोळी" म्हणून दिली, पण बीपीच्या दहा जातीच्या गोळ्या असतात, एक दम्याच्या माणसाला दिली तर श्वास अडकतो. अख्खी, न कापलेली पट्टी, नाव-तारीख-बॅच वाचता येणारी, फ्रिजची गरज नसलेली, असं असेल तर धर्मादाय दवाखाना किंवा तुमच्या इथला ओळखीचा डॉक्टर आनंदाने घेतो, तो तपासून त्याच्या पेशंटला देतो. हातात हात नको. ताईंच्या अख्ख्या पट्ट्यांचं तेच करा. इन्सुलिन मात्र नको, उघडलेलं पेन चार आठवड्यांचं असतं आणि न उघडलेलंही लाइट गेल्यावर फ्रिजमध्ये काय झालं कुणाला माहीत.

अँटिबायोटिक तर कुणालाच देऊ नका. पट्टीवर उभी लाल रेघ असते बघा, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही याची खूण. माझ्या दुकानात रोज एक जण येतो, "मागच्या वेळच्या तीन उरल्या होत्या त्या खाल्ल्या, आता अजून दोन द्या." तीन उरल्याच कशा? बरं वाटलं म्हणून सोडल्या. अर्धा कोर्स मागच्या वर्षी, अर्धा या वर्षी, आणि दोन्ही वेळा बहुतेक व्हायरलच.

आमच्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय पण बोलतो. ताईंचे सव्वातीन किलो झाले कारण दर वेळी महिन्याचं आणलं आणि डॉक्टरने दर पंधरा दिवसांनी बदललं. आजार असा वेगाने बदलत असेल तर सात दिवसांचंच घ्या. पट्टी कापून मागा, आम्ही तोंड वाकडं करतो, करू द्या.

कृष्णाकाठची

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, सॉरी. दहा दिवस यातच गेले.

मॉर्फिन सगळ्यात आधी काढलं. जिथून मिळालं होतं तिथल्या सिस्टरना फोन केला तर म्हणाल्या घेऊन या. त्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरून गोळ्या मोजल्या, तेवीस, रजिस्टरमध्ये लिहिलं, माझी सही घेतली. पॅच पण त्यांनीच दुमडून ठेवून घेतले. मला वाटलं होतं पटकन होईल पण त्या मोजत होत्या तेव्हा मला रडायला आलं, कारण रात्री दोन वाजता मी पण अशीच मोजायचे, सकाळपर्यंत पुरतील का म्हणून. सिस्टर काही बोलल्या नाहीत, पाणी दिलं.

केमोच्या गोळ्यांना दोन खेपा पडल्या. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने "रिफंड होणार नाही मॅडम" म्हणून परत पाठवलं. रिफंड कुणाला हवाय! दुसऱ्या दिवशी डे-केअरच्या इनचार्ज सिस्टर भेटल्या, त्यांनी पिवळ्या पिशवीत टाकून घेतल्या, दोन मिनिटांचं काम.

बीपी-शुगरच्या अख्ख्या पट्ट्या आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी ठेवून घेतल्या. सुया कम्फर्टच्या बाटलीत, वर लाल रंगाने "सुया" लिहून घंटागाडीवरच्या भाऊंच्या हातात दिली आणि काय आहे ते सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, परवाच टोचली." वापरायच्या राहिलेल्या सुयांचं पाकीट डॉक्टरांकडेच दिलं.

बाकीच्याचं लोणचं घातलं, आई असंच म्हणते. चहाचा चोथा, चुलीची राख आणि अर्धी बाटली खोकल्याचं औषध, असा काही वास सुटला की मांजर पण फिरकलं नाही. मेहुणे बघायला आले होते, म्हणाले बंबात पाच मिनिटांत झालं असतं.

रिकाम्या पट्ट्या कात्रीने कापत होते तेव्हा आईने एक काढून घेतली. थायरॉईडची होती, तिची स्वतःची, तिच्यावर पण अण्णांनीच लिहिलं होतं, "उपाशीपोटी. विसरू नये." ती आता तिच्या पर्समध्ये आहे.

फक्त दम्याचे पंप राहिलेत. तीनही. मेडिकलवाला नाही म्हणतो, डॉक्टर नाही म्हणतात, वॉर्ड ऑफिसमध्ये मला पण चहा मिळाला.

लाल_ठिपका

चहा! बघा, म्हटलं होतं ना.

गोळीवाला

पंप ज्या हॉस्पिटलने पिवळी पिशवी उघडली त्यांनाच विचारा, त्याच सिस्टरना, काउंटरला नको. तोपर्यंत सावलीत ठेवा, गॅसच्या ओट्यापासून लांब. आणि मेहुण्यांपासून पण.